हिशेबात थोडे बिनहिशेबी पैसे

नवराबायकोचं पैशावरून वाजतं तेव्हा निमित्त बहुधा किरकोळ असतं. मोबाइलवरून मागवलेले बूट, मुलाच्या वाढदिवसाला वाढत गेलेली पाहुण्यांची यादी, नाहीतर रिक्षा करायची की बसची वाट पाहायची. एक म्हणतो, 'एवढं राबतो ते कशासाठी?' दुसऱ्याच्या मनात असतं, 'उद्या काही झालं तर?' अशा घरांना पहिला सल्ला मिळतो तो खर्च लिहून काढण्याचा. वही घाला, अॅप घ्या, रुपया न् रुपया टिपा, महिनाअखेरीस दोघांनी बसून बघा. एकट्यादुकट्या माणसाला हा सल्ला लागू पडेलही. पण दोघं नोकरीला, मुलं शाळेत, संध्याकाळी क्लासच्या फेऱ्या अशा घरात ती वही तिसऱ्या आठवड्यात मागे पडते. आणि एकाचा हात सैल, दुसऱ्याचा आखडता असेल तर वही चालू राहिली तरी पंचाईतच, कारण ती रोजच्या वादाला रोज नवा पुरावा पुरवते. अशा घराचं अंदाजपत्रक खर्च मोजण्यासाठी नको, बोलाचाली कमी करण्यासाठी हवं. कोणत्या पैशाबद्दल दोघांनी मिळून ठरवायचं आणि कोणत्या पैशाबद्दल एकमेकांना एक शब्दही विचारायचा नाही, एवढं पगार जमा होण्याआधी ठरलेलं असलं की बाकीचा हिशेब बराचसा आपोआप सांभाळला जातो.

खर्चाची सवय हा संस्काराचा किंवा शहाणपणाचा भाग आहे असं आपण धरून चालतो. काटकसरी माणूस सद्गुणी आणि खर्चिक माणूस बेजबाबदार, हा निकाल ऐकताऐकताच आपण मोठे होतो. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी संशोधकांनी १३,००० हून अधिक लोकांची पाहणी करून २००८ साली जे मांडलं ते याला छेद देणारं आहे. पैसे हातातून जाताना प्रत्येकाला कमीजास्त टोचणी लागते. काहींना ती इतकी लागते की जे घ्यायलाच हवं, जे घ्यावंसं स्वतःलाही वाटतं, तेही ते घेत नाहीत. काहींना ती इतकी कमी लागते की नंतर पस्तावण्याइतकं घेऊन बसतात. म्हणजे दोघंही स्वतःच्याच मनासारखं वागत नसतात. त्या पाहणीत हात आखडणारे जास्त निघाले, साधारण तीनास दोन या प्रमाणात. रिक यांनी डेबोरा स्मॉल आणि एली फिंकेल यांच्याबरोबर २०११ मध्ये केलेला अभ्यास तर थेट लग्नाचाच होता. अविवाहितांना विचारलं तर आपल्यासारखाच जोडीदार हवा असं ते सांगतात. प्रत्यक्षात लग्नं मात्र विरुद्ध स्वभावाशी जुळलेली दिसली, आणि हा फरक जितका मोठा तितकी पैशावरून कुरबुर जास्त. अभ्यास अमेरिकेतला आहे आणि तिथली लग्नं आपल्यासारखी ठरत नाहीत, हे खरं. पण आपल्याकडे छत्तीस गुण जुळवताना खर्चाच्या हाताचा गुण कुणी पाहतं असंही नाही. ही टोचणी स्वभावात असेल तर उपदेशाने ती कमी किंवा जास्त होणार नाही. ज्या योजनेत एकाने दुसऱ्यासारखं व्हावं अशी अट आहे, ती योजना पहिल्या दिवसापासून लंगडी.

त्यात पैसे देण्याची रीतच बदलली. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पाच-सात वर्षांत कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत पोचलं. नोट मोडताना जी क्षणभर चलबिचल व्हायची ती क्यूआर कोडपुढे मोबाइल धरताना होत नाही. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांचा लिलाव ठेवला होता. क्रेडिट कार्डाने पैसे भरायचे आहेत असं सांगितलेल्यांची बोली रोखीवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट गेली. तो प्रयोग कार्डाचा होता, यूपीआयचा नव्हे, आणि यूपीआयमध्ये पैसे खात्यातून तत्काळ जातात हा फरक लहान नाही. तरी ज्याची टोचणी मुळात बोथट आहे त्याचा उरलासुरला ब्रेकही सुटला, एवढं म्हणायला हरकत नसावी. आता सगळ्याची नोंद आपोआप होते, मग वही कशाला, असंही कुणी म्हणेल. नोंद होते, पण ती वाचता येत नाही. महिन्याचं स्टेटमेंट उघडा. वीस-पंचवीस अनोळखी माणसांची आडनावं पुढे येतात. भाजीच्या गाडीवरचा कोड विक्रेत्याच्या भावाच्या खात्याचा, स्टेशनरीवाल्याचा त्याच्या बायकोच्या. गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी या गृहस्थांना २४० रुपये कशाचे दिले, ते त्या ओळीवरून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

मग ती ओळ उलगडायची कुणी? घरातल्या किरकोळ खरेदीचा बराच भार जिच्यावर असतो तिने. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. जवळजवळ पावणेपाच तासांच्या या कामात हिशेब लिहिण्याची भर घातली की ती बहुतेक घरांत आपसूक बाईच्याच वाट्याला जाते, आणि वर जी हिशेब लिहिते तिलाच हिशेब विचारला जातो. तेल दोनदा कसं आलं, याचं उत्तर तिने द्यायचं. पेट्रोलबरोबर पंपाशेजारी झालेला चहा-नाश्ता मात्र 'पेट्रोल' म्हणूनच खपून जातो. ज्या अंदाजपत्रकाला रोज वेळ द्यावा लागतो ते धावपळीच्या घरात टिकत नाही, आणि टिकलंच तर न्याय्य राहत नाही.

म्हणून सुरुवात रोजच्या खर्चापासून न करता वर्षाच्या खर्चापासून करावी. महिन्याचं गणित चुकवणाऱ्या रकमा चहा-वड्यापेक्षा वर्षातून एकदोनदा येणाऱ्या असतात, आणि गंमत म्हणजे त्या जवळजवळ सगळ्या आधी ठाऊक असतात. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे लिहिण्याची रीत घरोघर आहे. तेच कॅलेंडर पुढे धरून बारा पानं उलटली की वर्षाच्या खर्चाची यादी तयार होते. जूनमध्ये शाळा, भाद्रपदात गणपती, आश्विनात दिवाळी, फेब्रुवारी-मार्चमध्ये विम्याचे हप्ते, मे महिन्यात लग्नं आणि गावी जाणं. २०२६ चंच पाहा. त्या वर्षी १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ, म्हणजे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलावणं, अनारसे, वाण, कपडे, जमलं तर चांदीचं काहीतरी. तो संपतो न संपतो तोच शाळेची फी, गणवेश, वह्या, रेनकोट. अधिक मास साधारण पावणेतीन वर्षांनी येतो, आधीचा २०२३ चा श्रावण होता, आणि पुढचा कधी हे पंचांगकर्त्यांना कितीतरी आधी ठाऊक असतं. तरी तो खर्च 'अचानक आला' असं आपण म्हणतो, आणि अचानक आला म्हणूनच त्यावरून वाद होतो: एकाला वाटतं जोडीदार उधळतोय, दुसऱ्याला वाटतं माझ्या माहेरचं किंवा माझ्या आईचं म्हणूनच नको आहे.

आकडे घालून पाहू. समजा नाशिक किंवा पुण्यासारख्या शहरातलं घर, दोघांचे मिळून हातात येणारे ९०,००० रुपये, दोन मुलं. वर्षाच्या यादीत शाळेची फी ७२,०००, पुस्तकं-गणवेश १२,०००, आयुर्विमा ३६,०००, आरोग्यविमा २४,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग १४,०००, घरपट्टी ६,०००, गणपती-दिवाळी ३०,०००, आहेर आणि लग्नकार्यं १२,०००, गावी जाणं आणि एखादी सहल ३४,०००. बेरीज होते २,४०,०००, म्हणजे महिन्याला २०,०००. पगाराच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे कमी, आणि तरीही बऱ्याच घरांच्या महिन्याच्या हिशेबात ते कुठेच दिसत नाहीत. हे २०,००० पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात जातील अशी बँकेला कायमची सूचना द्यायची. गृहकर्जाचा हप्ता समजा २४,०००, आणि आजारपण, नोकरी जाणं अशा दिवसांसाठीची बचत ८,०००. दोघांना प्रत्येकी ४,००० स्वतःचे, त्याबद्दल पुढे. उरले ३०,०००. त्यातून वीज, दूध, सिलेंडर, इंटरनेट, सोसायटी, कामवाल्या मावशी, स्कूल व्हॅन हे १३,००० धरले तर किराणा, भाजी, रिक्षा, औषधं आणि बाहेरच्या खाण्याला १७,०००, आठवड्याला सुमारे ३,९००. लक्ष ठेवायचं ते या एकाच आकड्यावर. घरखर्चाचं एक संयुक्त खातं, दर सोमवारी त्यात ३,९००, आणि ते संपले की पुढच्या सोमवारपर्यंत फ्रीजमध्ये असेल ते. काय घेतलं हे लिहायची गरज नाही. किती उरलं हे दोघांनाही मोबाइलवर दिसतं.

पन्नास-तीस-वीसचा नियम अनेकांनी ऐकला असेल: निम्मे गरजांना, तीस टक्के हौशीला, वीस टक्के बचतीला. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया यांनी २००५ च्या 'ऑल युवर वर्थ' या पुस्तकात तो मांडला. नियम सुटसुटीत आहे, पण तो अमेरिकी घरासाठी बेतलेला, जिथे बहुतेक मुलं विनाशुल्क सरकारी शाळांत जातात. वरच्या उदाहरणात घराचा हप्ता आणि शाळेची फी या दोनच गोष्टी पगाराचा तिसरा हिस्सा घेऊन जातात. गावी आईवडिलांना पैसे पाठवणाऱ्यांना तर तो नियम फक्त अपराधी वाटायला लावतो.

आता त्या प्रत्येकी चार हजारांकडे. हे पैसे बिनहिशेबी. कुणी त्यात महागडी लिपस्टिक घ्यावी, कुणी क्रिकेटची बॅट, कुणी भिशी लावावी, कुणी भावाच्या मुलीला द्यावेत, कुणी नुसते साठू द्यावेत. प्रश्न नाही, टोमणा नाही, 'अजून एक?' नाही. खर्चिक माणसाला यातून मोकळीक मिळते, पण मर्यादेत. काटकसरी माणसाला याहून मोठी गोष्ट मिळते: जोडीदाराच्या हातातलं नवीन काही पाहून घर बुडतंय की काय ही धास्ती जाते, कारण घराचे पैसे आधीच बाजूला पडलेले असतात. रक्कम दोघांची सारखी असावी, पगार कमीजास्त असले तरी, आणि एकाला पगार मुळीच नसला तरी. यावर पहिला आक्षेप ठरलेला: 'मी कमावतो, ती घरी असते, मग सारखे कसे?' वरच्या पाहणीतली मिनिटं हे त्याचं एक उत्तर. दुसरं असं की मागून घ्यावे लागतात ते पैसे आपले नसतातच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, सुमारे ७९ टक्के स्त्रियांनी स्वतः वापरतो असं बँक खातं असल्याचं सांगितलं. ज्यांचं काय करायचं ते स्वतः ठरवता येतं असे पैसे जवळ असल्याचं सांगणाऱ्या मात्र ५१ टक्क्यांच्या आसपास होत्या. खातं असणं आणि पैसा असणं यांतलं अंतर एवढं आहे. पैसा कुणाच्या हातात पडतो यावर तो कुठे जातो हेही ठरतं. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीची सवलत वडिलांच्या करातून काढून रोख स्वरूपात आईला द्यायला सुरुवात झाली. शेली लुंडबर्ग, रॉबर्ट पोलाक आणि टेरेन्स वेल्स यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं की त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. 'लाडकी बहीण'चे १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात जातात, त्याचा राजकीय हिशेब कुणी कसाही मांडो, या एका बाबतीत ती रीत योग्यच आहे.

याच्या बरोबर उलटा आक्षेपही येतो, आणि तो अधिक वजनदार आहे. नवराबायकोत 'तुझे-माझे' कशाला, सगळं एकत्र असलं की संसारही एकत्र राहतो, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने पुरावा आहे. जेनी ओल्सन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३० अमेरिकी जोडप्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट केले होते. काहींनी एकच संयुक्त खातं ठेवायचं, काहींनी वेगळी खाती, काहींना काहीच सूचना नाही. दोन वर्षांनी संयुक्त खातेवाल्यांचं नातं इतरांपेक्षा चांगलं टिकलेलं दिसलं. म्हणूनच घरखर्च, वर्षाचा खर्च आणि बचत ही तिन्ही संयुक्तच असावीत. वरच्या उदाहरणात ९०,००० पैकी ८२,००० एकत्र आहेत. पण आपल्याकडे 'एकत्र' या नावाखाली पुष्कळदा भलतंच चाललेलं असतं. बायकोचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात, पिन त्याला पाठ, आणि तिने मागितले की पाचशेची नोट. किंवा उलट, नवऱ्याचा सगळा पगार बायकोच्या हाती आणि मित्रांबरोबर चहाला जाताना त्याने हात पसरायचा. दोन्ही घरांत पैसा एकत्र आहे, पण निर्णय एकाचाच. आठ-नऊ टक्क्यांची मोकळी जागा ठेवल्याने एकत्रपणाला धक्का लागत नाही. उलट चोरून केलेल्या खरेदीची गरज संपते.

'हे सगळं नव्वद हजारवाल्यांचं झालं,' ही हरकत रास्त आहे. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत शहरी भारतात दरडोई महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये होता, ग्रामीण भागात ४,१२२. म्हणजे शहरातल्या चौघांच्या घराला साधारण २८,०००. तिथे बिनहिशेबी पैसे दोनशे-तीनशे होतील. होऊ देत. पैसा कमी असतो तिथे परवानगी मागण्याची वेळ जास्त येते, म्हणून ती रक्कम लहान असली तरी तिचं काम मोठं. त्याच पाहणीतला आणखी एक आकडा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो, तोही सांगायला हवा: शहरात खाण्यापिण्यातला सर्वांत मोठा वाटा धान्याचा किंवा दुधाचा राहिलेला नाही, तो पेयं, फराळ आणि तयार पदार्थांचा आहे, एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के. म्हणजे चहा-वडे किरकोळ नाहीत. पण आठवड्याच्या रकमेची मर्यादा त्यांनाही लागू होतेच. वडापाव लिहून ठेवल्याने स्वस्त होत नाही. ज्यांचं उत्पन्न दरमहा सारखं नसतं, दुकानदार, रिक्षावाले, शेतकरी, त्यांनी गेल्या वर्षातल्या सर्वांत मंद महिन्याची कमाई धरून घरखर्च आणि बिनहिशेबी रक्कम ठरवावी, आणि तेजीच्या दिवसांत येणारं वरचं सगळं वर्षाच्या खात्यात टाकावं.

महिन्यातून एकदा मात्र बसावं लागतंच, अर्धा तास, टीव्ही बंद ठेवून. याचा नमुना परदेशातून आणायला नको, तो महाराष्ट्राच्या गावोगावी आहे. बचत गटाची पंचसूत्री लाखो बायकांना पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या वह्या चोख. ज्या बाई गटात दर महिन्याला वीस जणींपुढे हिशेब वाचून दाखवतात, त्यांच्याच घरात नवराबायकोची अशी बैठक कधी झालेली नसते. गटात चालतं ते घरात का चालत नाही? गटात ठरलेला दिवस असतो, ठरलेले विषय असतात, आणि कुणाच्या साडीची चौकशी होत नाही. घरच्या बैठकीतही विषय तीनच: वर्षाच्या खात्यात किती जमले, पुढच्या दोन महिन्यांत कोणते खर्च येतायत, आणि ठरलेल्या रकमेपेक्षा, समजा ३,००० पेक्षा, मोठी कोणती खरेदी करायची आहे. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर त्यांनाही बसू द्यावं. सहल कुठे काढायची याचं उत्तर खात्यातली रक्कम देते तेव्हा आईबापांना नकार द्यावा लागत नाही.

ही व्यवस्था जिथे चालणार नाही अशीही घरं आहेत. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर तिच्यावर महिन्याला साधारण साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात व्याज चढतं. ती फिटेपर्यंत सहल नाही, आणि बिनहिशेबी रक्कमही निम्मी. जोडीदारापासून लपवलेलं कर्ज, सट्टा किंवा दारू असेल तर तो सवयींतला फरक राहिलेला नसतो आणि कुठल्याही खात्याच्या मांडणीने तो सुटत नाही. तिथे आधी माहेरची किंवा सासरची एखादी वडीलधारी व्यक्ती, समुपदेशक, वेळ पडल्यास वकील.

बाकीच्यांनाही पहिलं वर्ष जड जातं. सप्टेंबरात सुरुवात केली तर दिवाळीपर्यंत वर्षाच्या खात्यात जेमतेम दोन हप्ते जमलेले असतात, आणि खर्च मात्र पूर्ण वर्षाचा येऊन उभा राहतो. त्यामुळे पहिल्या वर्षी सगळी यादी भरून काढण्याचा हट्ट सोडून सर्वांत जवळचा एक मोठा खर्च निवडावा आणि उरलेले महिने तेवढ्यासाठीच पैसे बाजूला टाकावेत. दिवाळीचा बोनस, करपरतावा, महागाई भत्त्याची थकबाकी असं काही हाती आलं तर तेही थेट त्यातच. एकदा जूनची फी कुणाकडे हात न पसरता भरली गेली की पुढचा खर्च धरायचा. बारा महिन्यांची यादी पूर्ण लयीत यायला दीड-दोन वर्षं लागतात, आणि तोवर दोघांनी ठरवलेले आकडे दोनतीनदा बदलणार, हे धरूनच चालावं.